बंद न करता झालेली दुरुस्ती

मी दिलीप, माझा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. मीरा रोड आणि भाईंदरच्या कित्येक सोसायट्यांच्या सेक्रेटरींनी मला कधी ना कधी शिव्या घातल्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच मी व्याजासकट परत केल्या आहेत. आयुष्य गच्चीवरच्या मशीनरूममध्ये काढल्यावर माणसाचं एक मत पक्कं होतं. बिघडलेली वस्तू आपोआप सुधारत नाही. लोक सांगतात, "मिस्त्री, काल आवाज करत होती, आज गप्प आहे, बरी झाली वाटतं." मी म्हणतो, बरी नाही झाली, आता मोठं काम काढणार आहे. आजारपणाकडेही मी तसंच बघायचो. काहीतरी बिघडलंय तर कोणीतरी यायचं, उघडायचं, बदलायचं, घट्ट करून निघून जायचं.

हे लिहितोय ते ज्यांच्या घरात आत्ता कोणी पिवळं पडून झोपलंय त्यांच्यासाठी. मी डॉक्टर नाही, आणि मला उपदेश करायचाही कंटाळा आहे. माझं काय झालं तेवढं सांगतो.

*

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. भाईंदर पूर्वेला आमच्या बिल्डिंगमध्ये तेव्हा टँकरचं पाणी यायचं, आणि ते कुठून यायचं हे विचारण्याची पद्धत नव्हती. त्या उन्हाळ्यात आमच्या विंगमधल्या दोन-तीन घरांत कावीळ झाली होती. आपल्याला काही होत नाही, या समजुतीत मी होतो.

आधी चहा नको वाटू लागला. मी चहा सोडला हे पाहूनच माझी बायको सुजाता घाबरली. मग फोडणीचा वास सहन होईना. नंतर ग्रीसचा वास, जो माझ्या कपड्यांना जन्माचा चिकटलेला आहे, तोही नको झाला. एका टॉवरच्या मशीनरूमकडे जाताना मी शेवटच्या जिन्यावर बसलो तो उठलोच नाही. वॉचमनने खाली आणलं.

घरी आल्यावर सुजाता म्हणाली, "अहो, इकडे बघा. असं नाही, खिडकीकडे तोंड करून."

मी बघितलं. तिने डोळ्यांतला पिवळेपणा पाहिला आणि चप्पल घालायला गेली.

डॉक्टर गाला आमच्या जुन्या ओळखीच्या. जन्म भाईंदरचा, घरात कच्छी, पेशंटशी जी भाषा चालेल ती. त्यांनी बरगडीखाली उजवीकडे दाबलं आणि मी कळवळलो. रिपोर्ट आल्यावर म्हणाल्या, "कावीळ आहे. व्हायरसची."

"मग औषध लिहून द्या."

"औषध नाहीये ह्याला."

"म्हणजे?"

"म्हणजे आराम करायचा, साधं खायचं, पाणी उकळून प्यायचं. उलट्या वाढल्या, झोप जास्त यायला लागली तर लगेच यायचं. बाकी लिव्हर स्वतः बरं होतं. तुम्ही फक्त मध्ये येऊ नका."

मला त्या बाईचा रागच आला. एवढी शिकलेली, आणि सांगते काय, तर काही करू नका. मी एखाद्या सोसायटीत जाऊन म्हटलं असतं की लिफ्ट स्वतः बरी होईल, तुम्ही फक्त बटण दाबू नका, तर मला जिन्यावरून ढकलून दिलं असतं.

*

काही न करणं आपल्या लोकांना जमत नाही. कावीळ झाली असं कळायचा अवकाश, अख्खी बिल्डिंग डॉक्टर होते. समोरच्या रेखाबेननी केबिन रोडवरून उसाचा रस आणला, "एकदम ताजा छे, पी जाओ भाई." कोणी मुळ्याचा पाला पाठवला. कोणी काड्यांची एक माळ आणली. ती डोक्यावर ठेवायची, मग ती आपोआप लांब होत खाली उतरते आणि तिच्याबरोबर कावीळही उतरते, असं सांगितलं. सुजाता दारातच सगळं हातात घ्यायची, "देते हं नंतर" म्हणायची, आणि आत आणून गॅलरीतल्या कुंड्यांना घालायची. आमची जास्वंद त्या दिवसांत सगळ्यांची औषधं प्यायली.

मग आई आली. आई गावी राहते, कणकवलीच्या बाजूला. कळल्याबरोबर ती निघाली आणि येताना पदराच्या टोकाला एक मूळ बांधून घेऊन आली.

हे मूळ काय आहे ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या गावात एक घर काविळीचं औषध देतं. पैसे घेत नाही. मूळ कोणाला न दिसता खणून आणतात. ते उगाळून दुधातून पहाटे अनशापोटी द्यायचं, घेणाऱ्याने बोलायचं नाही, आणि कसलं मूळ ते कोणी विचारायचं नाही, कोणी सांगायचं नाही. सांगितलं की त्याचा गुण जातो. माझ्या वडिलांना तरुणपणी कावीळ झाली होती तेव्हा हेच दिलं होतं आणि ते उठून कामाला लागले होते. आईने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. तिच्यासाठी ही ऐकीव गोष्ट नव्हती.

सुजाताने हळूच म्हटलं, "आई, एकदा डॉक्टरांना विचारून घेऊ या का?"

"इचारला की गुण जाता," आई म्हणाली. "तू गप रव. माझ्या झिलाक मी जहर देतलंय काय?"

दुसऱ्या दिवशी पहाटे आईने मूळ उगाळलं. मी ते दूध प्यायलो. कडू होतं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. शेवटी कोणीतरी काहीतरी करत होतं.

*

त्यानंतर मी बिघडत गेलो. अंगाला खाज सुटली, ती इतकी की मी कंगव्याने पाठ खाजवायचो. पाणी पोटात ठरेना. आणि झोप, दिवसा, बसल्या बसल्या. सुजाताने एका सकाळी मला रिक्षात घातलं आणि डॉक्टर गाला जिथे पेशंट ठेवत त्या छोट्या नर्सिंग होममध्ये दाखल केलं.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला. "काही घेतलंय का? झाडपाला, भुकटी, काढा?"

सुजाता म्हणाली, "आईंनी गावचं एक मूळ दिलंय."

"कसलं मूळ, आई? अजून देताय का?" डॉक्टरांनी आईकडे वळून विचारलं.

"माका म्हायत नाय," आई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. ती देत होती. सुजाता सकाळी आंघोळीला घरी जायची, तेवढ्यात आई थर्मासमधल्या दुधात ते उगाळून मला पाजायची. मी तेव्हा इतका गुंगीत होतो की कोण काय पाजतंय हेही मला उमजत नव्हतं. या दिवसांतलं मी जे सांगतोय ते बरंचसं सुजाताकडून नंतर ऐकलेलं आहे. मला स्वतःला आठवतो तो फक्त छताचा पंखा आणि आईच्या बांगड्यांचा आवाज.

डॉक्टर राउंडला आल्या की मला पेन द्यायच्या आणि पेपरच्या कोऱ्या कडेवर एक चांदणी काढायला सांगायच्या. आपण शाळेत काढतो तशी, हात न उचलता, पाच टोकांची. मला वाटायचं बाई माझी थट्टा करतेय. सुजाताला त्यांनी कारण सांगितलं. लिव्हर रक्त साफ करेनासं झालं की ती घाण मेंदूपर्यंत जाते, आणि माणूस बेशुद्ध पडायच्या आधी त्याच्या रेघा बिघडतात. पहिली चांदणी ठीक होती. दुसरीचं एक टोक लांब गेलं. मग एक दिवस मी जी काढली ती चांदणी नव्हतीच. रेघ निघाली होती आणि भलतीकडे जाऊन थांबली होती.

डॉक्टर सुजाताला बाहेर घेऊन गेल्या. म्हणाल्या, "उद्यापर्यंत बघू. असंच राहिलं तर मुंबईला हलवावं लागेल. खोटं नाही सांगत, तिकडेपण हातात फार नसतं."

सुजाता आत आली तेव्हा तो पेपर आईच्या हातात होता.

आईला रिपोर्ट वाचता येत नव्हते. पण तिने सगळी हयात सकाळी उठून उंबऱ्यासमोर रांगोळी काढली होती. रेघ जिथून निघते तिथे परत यायला हवी, हे तिला कोणी समजावायला नको होतं.

"ही दिलीपान काढल्यान?" तिने विचारलं.

सुजाताने हो म्हटलं.

रेघ जिथे थांबली होती तिथपर्यंत आईने बोट फिरवलं. मग उठली, व्हरांड्यात डॉक्टरांकडे गेली आणि पदराची गाठ सोडली.

"ह्यां मूळ," ती म्हणाली. "अजून देतंय मी. सकाळी दुधातसून. नाव माका खरांच म्हायत नाय. पण आता तुमका सांगलंय, आता गुण रवाचो नाय. आता तुमीच काय ता करा."

डॉक्टरांनी मूळ हातात घेऊन पाहिलं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत. आता काही द्यायचं नाही. पाणीपण सिस्टरला विचारून."

"ह्याच्यामुळेच झाला?"

"माहीत नाही, आई. नुसत्या व्हायरसनेपण कधीकधी असं होतं. पण लिव्हरला आता एकच काम करू दे."

ती व्हरांड्यातल्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसली आणि त्या दिवशी आत आलीच नाही. तिच्या मनात काय चाललं असेल ते मला पुष्कळ नंतर समजलं. तिच्या हिशेबाने मला वाचवणारी एकच गोष्ट होती, आणि ती तिने स्वतःच्या तोंडाने मोडली होती. ज्या चांदणीने तिला घाबरवलं, तिच्यावर विश्वास ठेवून तिने जन्मभराचा विश्वास सोडला. एवढं धाडस मी माझ्या आयुष्यात कशासाठी केलेलं नाही.

*

पुढे जे झालं ते कोणी केलं, हे मी आजही सांगू शकत नाही.

साखरेचं सलाईन चालू होतं. रक्त गोठावं म्हणून एक इंजेक्शन, पोट साफ राहावं म्हणून एक गोड पातळ औषध. सुजाताने विचारलं, "याने लिव्हर बरं होईल ना?" डॉक्टर म्हणाल्या, "नाही. हे सगळे टेकू आहेत. आम्ही भिंत पडू देत नाही, तेवढंच. बांधणार तो आतला माणूस."

दुसऱ्या दिवशी मला हलवायचं की नाही ते ठरणार होतं. सकाळी सुजाता उशाशी बसली होती. मी डोळे उघडले, वर बघितलं आणि म्हणालो, "या पंख्याचं बेअरिंग गेलंय. कोणी बघत कसं नाही?"

सुजाता रडायला लागली. मला कळेना की पंख्याच्या बेअरिंगसाठी एवढं काय रडायचं. नंतर तिने सांगितलं की कित्येक दिवसांत मी कशालाही नावं ठेवली नव्हती.

त्या दिवशीच्या चांदणीची पाचही टोकं जागेवर नव्हती, पण रेघ परत आली. डॉक्टरांनी पेपर दुमडून कोटाच्या खिशात टाकला आणि म्हणाल्या, "राहू दे इथेच." मुंबईला जायचं रद्द झालं.

त्यानंतर एकेक गोष्ट परत येत गेली, आणि प्रत्येक वेळी मी चकित झालो. मोहरीच्या तेलासारखी गडद पिवळी होणारी लघवी एका दिवशी फिकट झाली, आणि मी संडासातून सुजाताला हाक मारून दाखवली. इतका आनंद मला आमच्या फ्लॅटची किल्ली मिळाली तेव्हाही झाला नव्हता. सुईने काळानिळा पडलेला हात आधी हिरवट झाला, मग पिवळा, मग माझा झाला. एका दुपारी पलीकडच्या खाटेवर डबा उघडला, वरणाला लसणाची फोडणी होती, आणि तो वास नाकात शिरल्यावर माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी तसाच पडून राहिलो, हललो तर ती भूक निघून जाईल म्हणून. पोटाला कोणी जाऊन सांगितलं होतं की आता भूक लागायला हरकत नाही?

डॉक्टरांना एकदा वेळ होता तेव्हा मी विचारलं, नक्की काय होतंय आत. म्हणाल्या, ज्या पेशी मेल्या त्या गेल्या. ज्या उरल्या आहेत त्या वाढतात, एकीच्या दोन होतात, आणि रिकामी जागा भरून काढतात. लिव्हर होतं तेवढं झालं की थांबतात.

"थांबायचं कधी, हे त्यांना कसं कळतं?"

त्या हसल्या. "बरंच शोधलंय लोकांनी. पण तुमच्या ह्या लिव्हरला जेवढं कळतं, तेवढं अजून कोणालाच कळत नाही."

लिफ्टला वर एक लिमिट स्विच असतो. तो नसेल तर ती छताला जाऊन धडकेल. तो मी बसवतो, माझ्या हाताने, तपासून. माझ्या पोटातला कोणी बसवला? मी उजव्या बरगडीखाली हात ठेवून दुपारभर पडून राहायचो. आत काम चाललं होतं आणि आवाज नव्हता. दुरुस्तीला हात घालायच्या आधी मी मेन स्विच बंद करतो, बाहेर पाटी लावतो, तीन वेळा बघतो. इथे कोणी काही बंद केलं नव्हतं. ज्या लिव्हरची दुरुस्ती चालली होती तेच लिव्हर त्याच वेळी मला साखर पुरवत होतं, विष गाळत होतं, मला जिवंत ठेवत होतं. हे काम मला येत नाही, आणि ज्याला येतं तो माझ्याच आत राहतो आणि माझी त्याची ओळख नाही. मला देवळात गेल्यावर जे वाटायला हवं असं लोक म्हणतात, ते मला त्या खाटेवर वाटलं.

पण सगळं गोड करून सांगणार नाही. ज्याचा तो डबा होता, त्या पलीकडच्या खाटेवरच्या माणसालाही हाच आजार होता. तो माझ्याहून धट्टाकट्टा होता. मी जेवायला लागलो त्या आठवड्यात त्याला झोप येऊ लागली. त्याला मुंबईला नेलं, तो परत आला नाही. त्याचं शरीर कमी शहाणं होतं असं मी म्हणणार नाही. त्याच्या बायकोनेही सगळं नीट केलं होतं. मग मी का, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि कोणी सांगू लागलं तर मी ऐकत नाही.

एवढंच सांगतो. शरीर शहाणं आहे म्हणून घरी बसू नका. रक्त तपासा, डॉक्टरने सांगितलेल्या खुणांवर नजर ठेवा, माणूस झोपाळू झाला की थांबू नका. आणि काही घेतलं असेल, कोणीही कितीही मायेने दिलेलं असो, ते डॉक्टरला सांगा.

*

घरी आलो. पाहायला येणारा प्रत्येक जण आपापलं श्रेय घेऊन गेला. रेखाबेनच्या मते उसाचा रस, माळवाल्यांच्या मते माळ. मी कोणालाच जास्वंदीचं सांगितलं नाही.

आईने मात्र कसलंच श्रेय घेतलं नाही. गावी जायचं नाव काढत नव्हती आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकत नव्हती. जिने आयुष्यभर आमच्या ताटात न विचारता वाढलं, ती आता मला पाणी हवं असलं तर सुजाताला हाक मारायची. सुजाता बाहेर असली तर पेला भरायची, टेबलावर ठेवायची आणि दोन पावलं मागे सरकायची. मी उचलला की नजर दुसरीकडे वळवायची. मी एकदा म्हणालो, "आई, डॉक्टरच म्हणाल्या ना, कशाने झालं ते माहीत नाही." ती म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे नाय, असा पण म्हणाक नाय त्यांनी." मी धडधाकट होत होतो, वजन भरत होतं, कामावरही थोडा थोडा जाऊ लागलो होतो, आणि आई वाळत चालली होती.

काही महिन्यांनी डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला सांगितली. मी आईला म्हटलं, चल. नको नको म्हणत आली. पडद्यावर राखाडी ढगासारखं काहीतरी हलत होतं. डॉक्टर गाला स्वतः आल्या होत्या, बघत होत्या.

"एकदम क्लीन," त्या म्हणाल्या.

"डाग वगैरे?" मी विचारलं. आमच्या कामात वेल्डिंग कितीही चांगलं केलं तरी जोड दिसतोच.

"नाही. मला माहीत नसतं तर मी ओळखलंच नसतं की ह्या माणसाला कधी कावीळ झाली होती."

आई दाराशी उभी होती. ती पुढे आली. "कायच रवाक नाय?"

डॉक्टरांनी पडदा तिच्याकडे वळवला. "काहीच नाही राहिलं, आई. बघा ना. जसं होतं तसं."

"माझ्याकडसून काय झाला असात, ता पण नाय?"

डॉक्टरांना प्रश्न समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी आईचा हात धरला आणि माझ्या उजव्या बरगडीखाली ठेवला, जिथे त्यांनी पहिल्यांदा दाबलं होतं तिथे. "दाबा," म्हणाल्या. आईने भीत भीत दाबलं. दुखलं नाही. मी तसं सांगितलं.

घरी आल्यावर आईने हातपाय धुतले आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. डबे उघडल्याचा आवाज आला. सुजाता उठायला लागली, मी तिला बसवलं.

"दिलीप, पेज करू तुका?" आतून आवाज आला.

मी नुकताच बाहेर पोटभर नाश्ता केला होता. हो म्हणालो.

पेज झाली. आई वाटी घेऊन बाहेर आली, टेबलापाशी क्षणभर थांबली. मग वाटी तिथे न ठेवता पुढे आली, आणि मी हात पुढे केला तशी तिने ती माझ्या हातात दिली.